सातव्या सेकंदाला सुटलेला पट्टा: कुंडलिकेवरच्या राफ्टिंग आयोजकांना खुलं पत्र

प्रति,
कुंडलिका नदीवर राफ्टिंगच्या आणि काठावरच्या मुक्कामाच्या सहली चालवणारे सर्व आयोजक,
कोलाड परिसर, जिल्हा रायगड

सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात रात्री साडेदहाला शेजारच्या ताईंचा फोन आला. रडत होत्या. "हे बघितलंत का तुम्ही?" एवढंच म्हणाल्या आणि एक व्हिडिओ पाठवला. जेमतेम पंचवीस सेकंदांचा. मागे हिरवे डोंगर, वर ठेक्याचं गाणं, खाली पिवळ्या अक्षरांत मजकूर: "सीझनची बेस्ट मोमेंट! ग्रुप बुकिंग सुरू!" आणि त्यात त्यांची सोळा वर्षांची मुलगी राफ्टमधून पाण्यात फेकली जात होती. ती पडते त्या क्षणाला चित्र थांबवून, तिच्या चेहऱ्याभोवती गोल काढून, हसऱ्या चेहऱ्यांची चिन्हं टाकली होती.

ही मुलगी मी नेली होती. म्हणून हे पत्र मी लिहिते आहे.

मी चिंचवडला राहते, बँकेत नोकरी करते. आमच्या सोसायटीची सहल दरवर्षी मीच जमवते. यंदा जानेवारीत आम्ही एकतीस जण कोलाडला आलो. सगळ्यात लहान चौदा वर्षांचा, सगळ्यात मोठ्या काकू अठ्ठावन्नच्या. वहीत नावं मी लिहिली, पैसे मी गोळा केले आणि ज्यांना स्वतःला यायला जमत नव्हतं त्या चार मुलांच्या आईवडिलांना "मी आहे ना" असं मी सांगितलं. त्या तीन शब्दांची किंमत मला कुंडलिकेत कळली.

ज्यांच्याबरोबर गेलो त्यांचं नाव मी लिहिणार नाही. भीती वाटते म्हणून नव्हे. परत आल्यावर ओळखीत जे जे कोणी कोलाडला जाऊन आले होते त्यांच्याशी बोलले आणि वेगवेगळ्या आयोजकांबद्दल जवळपास त्याच गोष्टी ऐकल्या. एकाचं नाव घेतलं तर बाकीचे सुटतील. तुमच्यात चोख काम करणारेही आहेत, हे मला ठाऊक आहे. एका ट्रेकर मित्राने अशांचं वर्णन केलं तेव्हा असंही करता येतं हे समजलं. पत्र त्यांनाही आहे, कारण नदी सगळ्यांची एकच आहे आणि उद्या काही झालं तर बंदी सगळ्यांवर येईल.

आधी या पाण्याबद्दल थोडं लिहिते. मूळ दुखणं तिथेच आहे असं माझं मत झालं आहे.

आम्ही पौड, मुळशी, ताम्हिणी घाट, विळे असे आलो. मुळशीचं धरण दिसायला लागलं तेव्हा बसमध्ये मुलांना मी सांगत होते की या पाण्याखाली गावं आहेत. १९२१ मध्ये सेनापती बापटांनी मुळशीच्या शेतकऱ्यांना घेऊन याच धरणाविरुद्ध सत्याग्रह केला होता. धरण झालंच. पूर्वेला भीमेकडे जाणारं पाणी बोगद्यांतून आणि नळांतून सह्याद्रीच्या पश्चिमेला उतरवलं गेलं आणि १९२७ मध्ये पायथ्याच्या भिऱ्याला वीज तयार व्हायला लागली. तेच पाणी पुढे रवाळजेला अडवून पुन्हा एकदा विजेसाठी वापरतात आणि मग कुंडलिकेत सोडतात. खाली डोलवहालच्या बंधाऱ्यावरून ते कालव्यांना जातं. म्हणून तर कोकणातल्या बाकीच्या नद्या माघ-फाल्गुनात नुसते गोटे होऊन पडतात तेव्हाही कुंडलिका वाहती असते. तुमचा धंदा या सोडलेल्या पाण्यावर उभा आहे.

आणि म्हणूनच तो घड्याळावर चालतो. सकाळी पाणी सुटलं की त्याच्या बरोबरीने राफ्ट खाली न्यावी लागते. उशीर झाला तर पाणी पुढे निघून जातं, मागे दगड उघडे पडतात. हे मला आमच्या गाईडनेच समजावलं. वेळ हातात थोडी असते, हे खरं. पण त्या थोड्या वेळात तुम्ही माणसं जास्त घेता. आमच्या सकाळी काठावर चार बस उभ्या होत्या. त्यांना वेळेत पाण्यात उतरवायचं तर कुठेतरी काटछाट करावी लागते. ती काटछाट तुम्ही सुरक्षेच्या सूचनांमध्ये केलीत.

सहा मिनिटं. आमच्यातल्या एका मुलाने सुरुवातीपासून शेवटपर्यंत मोबाईलवर रेकॉर्ड केलं होतं, म्हणून नक्की सांगू शकते. त्या सहा मिनिटांत दीड मिनिट फोटो आणि व्हिडिओच्या पॅकेजचे दर सांगण्यात गेलं. उरलेल्या साडेचार मिनिटांत वल्हं कसं धरायचं, "फॉरवर्ड" म्हणजे काय, "गेट डाउन" म्हणजे काय, हे सगळं हिंदी-इंग्रजीत, पाठ केल्यासारखं, भराभर. पाण्यात पडल्यावर काय करायचं ते एका वाक्यात उरकलं. ते वाक्य आमच्या अठ्ठावन्न वर्षांच्या काकूंना कळलं नाही. मागे उभ्या असलेल्या मुलांना ऐकूही आलं नाही, कारण शेजारी जीपचं इंजिन चालू होतं.

ते एक वाक्य सगळ्यात महत्त्वाचं होतं. परत आल्यावर मी वाचलं, जाणकारांना विचारलं. वाहत्या पाण्यात पडलं की उभं राहायचा प्रयत्न करायचा नाही. पाय दगडांच्या फटीत अडकला तर वरचं पाणी माणसाला पुढे ढकलत राहतं आणि पाणी कमरेएवढं असलं तरी डोकं खाली जाऊ शकतं. पाठीवर व्हायचं, पाय प्रवाहाच्या दिशेने, पायाची बोटं पाण्याच्या वर आणि हातांनी वल्हवत काठाकडे सरकायचं. हे एकदा करून दाखवायला किती वेळ लागतो? काठावरच्या संथ पाण्यात प्रत्येकाला एकदा पाठीवर तरंगायला लावलं, तर शरीर ते विसरत नाही. तुमच्यातल्या चोख काम करणाऱ्यांकडे हे करतात, असं त्या मित्राने सांगितलं.

आता जॅकेटबद्दल. जॅकेटं ताडपत्रीवर ढीग करून टाकलेली होती. "घ्या, घाला, चला." मापाने कोणी वाटली नाहीत. कोणाची बकल तुटलेली, तिथे सुतळीची गाठ. काहींचे पट्टे उन्हाने इतके झिजले होते की ओढले की मागे सरकायचे. आमच्या या मुलीच्या अंगात मोठ्या माणसाचं जॅकेट होतं. ती सडपातळ आहे. तिने स्वतःच पुढच्या दोन बकला लावल्या आणि बाजूचे पट्टे तसेच लोंबत राहिले. कोणी हात लावून बघितलं नाही. मीही बघितलं नाही, कारण काय बघायचं असतं ते मला माहीत नव्हतं. आता माहीत आहे: माणसाला समोर उभं करायचं, जॅकेटला दोन्ही खांद्यांपाशी धरून जोरात वर ओढायचं. ते हनुवटीच्या वर सरकलं तर ते जॅकेट असून नसल्यासारखंच. माणशी दहा सेकंद लागतात.

त्याच्या आदल्या रात्रीबद्दलही लिहायला हवं, कारण सकाळ ही रात्रीतूनच आली.

तंबू चांगले होते, जेवणही. तांदळाच्या भाकऱ्या गावातल्या बायका चुलीवर करत होत्या, त्या चवीची आठवण आजही येते. पण पलीकडच्या तंबूंपाशी भला मोठा स्पीकर रात्री दीड वाजेपर्यंत चालू होता. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक लावता येत नाही, हा नियम देशभर २००० सालापासून आहे. नदीपलीकडे वाडी आहे, तिथे माणसं राहतात. सकाळी त्यांच्याकडे दूध मागायला गेले तेव्हा तिथल्या बाईंच्या डोळ्यांत झोप नव्हती. त्या मला काही बोलल्या नाहीत. मला मात्र त्यांच्याकडे मान वर करून बघवलं नाही.

आणि दारू. पलीकडच्यांनी घेतली तशी आमच्यातल्याही दोघांनी घेतली. हे लपवून मला पत्र लिहायचं नाही. आमच्या सहलीत दारू चालणार नाही, हे मी आधीच ठणकावून सांगायला हवं होतं. ही माझी चूक आहे, मी सोसायटीच्या बैठकीत ती कबूल केली आहे. पण सकाळी सात वाजता राफ्टमध्ये बसवताना तुमच्यापैकी एकानेही, एका शब्दानेही, कोणाला विचारलं नाही की रात्री काय घेतलंस, किती झोपलास. त्या दोघांपैकी एक जण अजून तोंडाला वास येत असताना त्या मुलीच्या शेजारी, राफ्टच्या अगदी पुढच्या टोकाला बसला. बसवला गेला.

त्याच पहाटे आणखी एक गोष्ट घडली. सहा वाजता आमची तीन-चार मुलं उठून नदीत गेली. पाणी घोट्याएवढं होतं, मधल्या खडकांवर बसून ती दात घासत होती. काठावर एक आजी कपडे धूत होत्या. त्यांनी धुणं अर्धवट गोळा केलं, वर चढल्या आणि मला हाक मारून म्हणाल्या, "बाय, पोरांना वर घे. पानी येल आता." मी मुलांना वर बोलावलं. पंधरा-वीस मिनिटांत ते खडक दिसेनासे झाले. आरडाओरडा नाही, लाट नाही, नदी नुसती भरत गेली. त्या आजींना वेळ ठाऊक होती. तुम्हाला तर त्याच वेळेवर पोट भरायचं असतं, तुम्हालाही ठाऊकच होती. तंबूच्या दोरीला एक पाटी लटकवायला काय हरकत होती? पाणी सोडताना भोंगा वाजला असेल तर आम्ही होतो तिथे तो ऐकू आला नाही. आदल्या रात्री जेवताना एक वाक्य सांगितलं असतंत तरी पुरलं असतं. एकतीस माणसांचं नशीब म्हणून त्या आजी त्या दिवशी कपडे धुवायला आल्या होत्या.

मग राफ्टिंग सुरू झालं. पहिल्याच मोठ्या उसळीपाशी गाईड ओरडला, "गेट डाउन!" सगळे खाली बसले, तो पुढचा माणूस बसला नाही. राफ्टचं तोंड वर उचललं गेलं, तो तोल जाऊन मुलीच्या अंगावर कोसळला आणि ती बाहेर गेली.

मी मागच्या राफ्टमध्ये होते. मला फक्त तिचं पिवळं हेल्मेट दिसत होतं. पुढे काय झालं ते मला तुमच्याच जाहिरातीमुळे नीट कळलं. ती क्लिप मी आता इतक्या वेळा पाहिली आहे की डोळे मिटले तरी दिसते. सातव्या सेकंदाला थांबवा. तिच्या डाव्या बाजूचा पट्टा मोकळा, पाण्यावर सापासारखा वळवळताना दिसतो. आठव्या सेकंदाला जॅकेट वर सरकतं, आधी कानांपर्यंत, मग हेल्मेटच्या कडेपर्यंत. दोन्ही हात वर जातात. ती मदतीसाठी हात वर करते आहे असं वाटतं, पण तसं नाही. जॅकेट तिच्या हातांतून वर निसटतं आहे. त्यानंतर तिचं तोंड दिसत नाही. तुम्ही गाण्याचा ठेका बरोबर तिथेच वाढवला आहे. क्लिपमध्ये पुढची काही सेकंदं कापलेली आहेत. त्या कापलेल्या सेकंदांत एक मुलगा कयाक, म्हणजे वल्ह्याची छोटी अरुंद होडी, घेऊन तिच्यापाशी पोचला.

त्या मुलाबद्दल मला जास्त लिहायचं आहे.

वीस-बावीसचा असेल, तिथल्याच एका गावचा. सकाळच्या सूचना त्यानेच दिल्या होत्या, हिंदी-इंग्रजीत, वर पाहत, पाठ केल्यासारख्या. पण पाण्यात तिच्यापाशी पोचल्यावर तो मराठीत ओरडत होता. मागच्या राफ्टवरून मला स्पष्ट ऐकू येत होतं: "पाय वर घे ताई! पाय वर! उभी राहू नको! माझ्या बोटीला धर, मला नको धरू!" तिने ऐकलं, पाय वर घेतले, कयाकच्या टोकाची दोरी धरली. त्याने तिला काठाच्या संथ पाण्यात नेलं आणि मग आधी तिचे बाजूचे पट्टे ओढून घट्ट केले. त्याचे हात थरथरत होते. काठावर तिला उलटी झाली, गुडघा सुजला होता. तो तिच्याजवळ बसून राहिला, "झालं, झालं" म्हणत.

त्याला माहीत होतं सगळं. सूचना त्याने मराठीत दिल्या असत्या, त्याला पंधरा-वीस मिनिटं मिळाली असती, तर त्याने सगळं सांगितलं असतं. त्याला घाईत उभं केलं ते तुम्ही. मागून मी त्याला विचारलं, तुझा विमा आहे का? तो नुसता हसला आणि राफ्ट उचलायला गेला. आमच्यापैकी प्रत्येकाच्या पैशांत विम्याचे म्हणून काही रुपये होते. त्याच्यासाठी कोणी काही ठेवलं आहे का, हे मला त्या दिवशी कळलं नाही. नंतर पत्र लिहून विचारलं, तेव्हाही या प्रश्नाचं उत्तर आलं नाही.

काठावर प्रथमोपचाराची पेटी आणायला सांगितलं तर ती जीपमध्ये असल्याचं कळलं, आणि जीप शेवटच्या टप्प्याला पुढे निघून गेली होती. मोबाईलला रेंज नव्हती. १०८ ला फोन कुठून करायचा, रोह्याला जायचं की माणगावला, हे तिथे कोणालाच सांगता येईना. नशिबाने त्याची गरज पडली नाही. आयोजकांतर्फे आम्हाला भेटायला आलेले गृहस्थ म्हणाले, "मॅडम, असं होतंच. यातच तर मजा असते." मग मुलीकडे वळून, "मजा आली ना?" ती काही बोलली नाही.

घरी आल्यावर मी त्या आयोजकांना सविस्तर पत्र लिहिलं. आठ दिवसांनी दोन ओळींचं उत्तर आलं: सहभागी व्यक्तींनी जोखीम समजून घेऊन फॉर्मवर सही केलेली आहे, सबब संस्था जबाबदार नाही. तो फॉर्मही मला नीट आठवतो. इंग्रजीत, दोन पानं, बारीक अक्षरं. सकाळी पावणेसातला जीपच्या बॉनेटवर ठेवून "लवकर करा, पाणी येतंय" म्हणत सह्या घेतल्या. लहान मुलांच्या जागी मीच सही केली, मी त्यांची आई नसताना. कोणी विचारलंही नाही. नदीत धोका असतो, हे आम्हाला मान्य आहे. उसळत्या पाण्यात उतरायचं म्हटल्यावर माणूस पडणारच, त्यासाठी आम्ही भांडत नाही. पण बकल तुटलेलं जॅकेट हा काही नदीचा धोका नाही. तो तुमच्या गोदामातला धोका आहे आणि त्यावर कोणाचीही सही चालणार नाही.

एवढं होऊनही मी गप्प बसले होते. घरचे म्हणाले, पोरगी सुखरूप आहे ना, मग कशाला. ती क्लिप जाहिरात होऊन आली तेव्हा माझा संयम संपला. कॅमेरेवाल्याने काठावरच्या खडकावरून काढलेलं चित्रण तुमच्या हातात होतं. त्यात पट्टा दिसतो, जॅकेट दिसतं, तोंड झाकलेलं दिसतं. ते पाहून दुसऱ्या दिवशी सगळी जॅकेटं तपासायला हवी होती. तुम्ही त्यावर गाणं लावलंत. ती शाळकरी मुलगी आहे. तिच्या वर्गात ती क्लिप फिरली. ताई म्हणाल्या, ती दोन दिवस शाळेत गेली नाही.

तुम्ही म्हणाल, ही बाई आता बंदी मागणार. नाही. बंदी मला नकोच. बंदीचे प्रकार आपण पाहतो आहोत. भिऱ्याजवळच्या देवकुंड धबधब्यावर माणसं बुडाली की पावसाळ्यात बंदी येते, पुन्हा पुढच्या वर्षी तेच. तिकडे उत्तराखंडात २०१८ च्या जूनमध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने, नियम नीट ठरेपर्यंत राफ्टिंग आणि इतर जलक्रीडा थांबवायला सांगितल्या होत्या. ऋषिकेशसारख्या ठिकाणी, जिथे हजारो कुटुंबं त्यावर जगतात. त्या वेळी ज्याच्या घरची चूल थंड झाली तो कोणी कंपनीचा मालक नव्हता, तो राफ्ट उचलणारा पोरगाच होता. कोलाडला, सुतारवाडीला, रवाळजेच्या आसपास अशी किती पोरं आहेत, तुम्हीच जाणता. मुळशीत गावं बुडाली त्या पाण्यावर आज सह्याद्रीच्या या बाजूच्या पोरांना काम मिळतं आहे. ते काम टिकलं पाहिजे, म्हणूनच हा त्रागा.

आणि नियम नाहीत असंही नाही. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं. जमिनीवरचे, पाण्यातले, हवेतले असे सगळे उपक्रम पर्यटन संचालनालयाकडे नोंदवायला हवेत, असं त्यात आहे. तुमच्यापैकी ज्यांनी नोंदणी केली आहे त्यांनी ती तंबूच्या दारात लावावी. आम्ही वाचू. ज्यांनी केलेली नाही त्यांना आम्ही विचारू.

आता माझं मागणं काय, ते सरळ लिहिते.

ती क्लिप आजच्या आज काढून टाका, जिथे जिथे टाकली आहे तिथून. आणि यापुढे कोणाच्याही पडण्याचं, घाबरण्याचं चित्रण त्या माणसाच्या लेखी परवानगीशिवाय वापरू नका. मूल असेल तर आईवडिलांची परवानगी. न कापलेलं मूळ चित्रण मात्र सांभाळून ठेवा आणि तुमच्या सगळ्या गाईडना एकदा दाखवा.

सूचना किमान वीस मिनिटांच्या असाव्यात, समोरच्यांच्या भाषेत. मराठी माणसांना मराठीत. इंजिन बंद, फोटोचे दर नंतर. संथ पाण्यात प्रत्येकाला एकदा पाठीवर तरंगायला लावा. जो हे करणार नाही त्याला राफ्टमध्ये घेऊ नका, मग त्याने पैसे भरलेले असोत. वेळ पुरत नाही असं वाटत असेल, तर त्या दिवशी माणसं कमी घ्या. आम्ही दोनशे-तीनशे रुपये जास्त द्यायला तयार आहोत, हे माझ्या सोसायटीच्या वतीने लिहून देते.

जॅकेटं मापाप्रमाणे वाटा. प्रत्येकाचं जॅकेट गाईडने स्वतः खांद्यापाशी ओढून तपासावं. सुतळी बांधलेलं एकही जॅकेट ढिगात राहता कामा नये.

सकाळी प्रत्येकाला दारूबद्दल विचारा. ज्याने घेतली आहे तो काठावर बसेल. त्याचे पैसे परत करू नका, हवं तर आधीच फॉर्ममध्ये लिहा. यावर आमच्यासारखे सहल जमवणारे तुमच्या बाजूने उभे राहतील, कारण हे आम्हाला एकट्याने करता येत नाही.

पाणी कधी सुटणार ते आदल्या रात्रीच सगळ्या तंबूंत सांगा आणि काठावर मोठ्या अक्षरांत पाटी लावा. नदीच्या पातळीला कोणाला झोपवू नका. भोंगा सगळ्या तंबूंपर्यंत ऐकू येत नसेल, तर तुम्ही सगळे मिळून वीजगृहाकडे आणि जिल्हा प्रशासनाकडे तसा अर्ज करा. आमच्या सह्या हव्या असतील तर त्या पत्रावर आम्हीही करू.

फॉर्म मराठीत करा, आठवडाभर आधी घरी पाठवा. प्रथमोपचाराची पेटी आणि ती वापरता येणारा माणूस राफ्टबरोबर पाण्यात असला पाहिजे. जवळचं रुग्णालय कोणतं आणि तिथे कसं जायचं, हे प्रत्येक गाईडला पाठ असू दे. कोणी पडलं, कोणाला लागलं तर ते वहीत लिहा. त्या वहीची पानं वर्षअखेर तुम्ही एकमेकांना दाखवा. एका आयोजकाकडे जॅकेट सुटलं, हे दुसऱ्याला कळायला माझ्या पत्राची वाट बघावी लागू नये.

गाईड मुलांचा विमा काढा. आमच्या नावावर जे पैसे घेता त्यातून काढा.

आणखी थोडं. साठ माणसांना दोन संडास पुरत नाहीत, बायकांची फार पंचाईत होते. थर्माकोलच्या ताटल्या पहाटे काठावर जाळतात, तो धूर पाण्यावर पसरलेला मी पाहिला. आणि स्पीकर दहाला बंद करा.

यातलं काय करता येईल, काय नाही, ते मला कळवा. नाही जमणार असं असेल तर कारणासह नाही म्हणून कळवा, तेही मला चालेल. एक महिना मी थांबेन. त्यानंतर हेच पत्र, त्या मुलाने केलेल्या सहा मिनिटांच्या रेकॉर्डिंगसह आणि जपून ठेवलेल्या क्लिपसह, मी पर्यटन संचालनालयाला आणि जिल्हाधिकाऱ्यांना पाठवणार आहे.

त्या मुलीचा गुडघा आता बरा आहे. पोहायला ती पुन्हा जाऊ लागली आहे, अजून उथळ बाजूलाच थांबते. त्या कयाकवाल्या दादाला तिने स्वतःच्या हाताने एक पत्र लिहून माझ्याकडे दिलं आहे. पाकीट बंद आहे, मी वाचलेलं नाही. त्याचा पत्ता मला मिळालेला नाही. तुमच्यापैकी जे त्याला ओळखतात त्यांनी कृपया कळवा, म्हणजे ते मी त्याच्यापर्यंत पोचवेन.

आपली,
सोसायटीची सहल जमवणारी एक बाई
चिंचवड, पुणे